अर्धा स्पंज

युक साओदाला भिशी लागली तेव्हा आमच्या गल्लीने तिच्यासाठी परस्पर फ्रीज ठरवून टाकला होता. त्यात मीही होते. आमच्या जांबीसारख्या नदीकाठच्या, उकाड्याच्या गावात रोज सकाळी नारळाच्या दुधातला भात विकणाऱ्या बाईला आणखी काय हवं असणार? ती मात्र शोभेचे मासे विकणाऱ्या को आहुनच्या, म्हणजे आहुनदादाच्या, दुकानातून माशांची काचेची टाकी घेऊन आली. टाकी एवढी लांब, की तिच्या खांबांवरच्या घराच्या जिन्यावरून चढवताना माझ्या नवऱ्याची कंबर धरली. पुढे कित्येक दिवस तो माझ्याकडे बघून कण्हत होता, जणू टाकी मीच मागवली होती.

साओदा माझी शेजारीण, वयाने मोठी, म्हणून मी तिला युक म्हणते, ताई. ताई असली तरी त्या दिवशी मी तिला सुनावलंच. घरात मासा एक, तोही म्हातारा, आणि त्याच्यासाठी हा हौद?

मासा म्हणजे दातुक. दातुक म्हणजे आजोबा. केशरी अंगावर तीन रुंद काळे पट्टे आणि लाल शेपूट, आमच्या नदीतला बोतिया. बांग म्हणजे दादा, आमच्याकडे बायकोही नवऱ्याला असंच म्हणते. बांग झुहदी, म्हणजे साओदाचा नवरा, लग्नाआधी नदीच्या वरच्या अंगाला जाऊन पाण्यात बांबूच्या नळ्या टांगून ठेवायचा. बोतियाची पिल्लं लपायला त्यात शिरतात. बाकीची सगळी पिल्लं त्याने विकली, हे एक ठेवलं. बोटाएवढं होतं ते वाढत वाढत माझ्या पंजापेक्षा लांब झालं आणि जुन्या टाकीत त्याला वळायचं तर शेपूट दुमडावी लागायची. खाऊन खूश झाला की दातुक टक्‌टक्‌ आवाज करतो, सुपारी कातरल्यासारखा. कधी कधी आडवा पडून मेल्याचं सोंगही घेतो. नवीन गिऱ्हाईक घाबरून ओरडतं आणि साओदा भात वाढता वाढता हसते. त्या घरात मूल नव्हतं. कुणाबद्दल तक्रार करायची, कुणाचे लाड करायचे, तर दातुकच.

मोठी टाकी बांग झुहदी वर्षानुवर्षं मागत होता. साओदा दर वेळी नाही म्हणायची. तिला पाण्याची नाही, घाणीची चीड होती. तिच्या जिन्याच्या पायथ्याशी पाण्याचा माठ असतो आणि पाय धुतल्याशिवाय तिने कुणाला वर घेतलेलं मी पाहिलेलं नाही, भात घ्यायला आलेल्या पोलिसालासुद्धा नाही. टाकीच्या फिल्टरमधला स्पंज तर तिचा जन्माचा वैरी. काळपट तपकिरी, बुळबुळीत, गढूळ नदीसारखा वास. बांग झुहदी तो तिला नळाखाली धरू द्यायचा नाही. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात तो नुसता हलवायचा आणि परत ठेवायचा. त्यावरून त्यांची भांडणं आमच्या घरापर्यंत ऐकू यायची आणि मला ती आवडायची, कारण भांडण संपलं की दोघं एकाच ताटात जेवायला बसायची.

मग बांग झुहदीने नदीपलीकडच्या मस्नी नावाच्या विधवेशी लग्न केलं. आमच्यात दुसरी बायको चालते, असं पुरुष सांगतात. कशी चालते ते कुणी बायकांना विचारत नाही. तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस, त्याला वाटलं काही दिवस इकडे, काही दिवस तिकडे, सगळं बेताने चालेल. साओदाने त्याचं सगळं ऐकून घेतलं, चुलीवरचा भात उतरवला आणि म्हणाली, "मी बोलावल्याशिवाय या जिन्याची पायरी चढायची नाही."

ज्याने तिचं आयुष्यात एक ऐकलं नव्हतं, त्याने हे एवढं मात्र तंतोतंत ऐकलं. तलाक नाही, भांडण नाही. कपड्यांची पिशवी भरली, दातुकला त्या वयात हलवणं बरं नाही म्हणून तिच्याकडेच ठेवला आणि निघताना सुरीने स्पंज मधोमध कापून अर्धा सोबत नेला. पलीकडे नवी टाकी लावायची होती. मी तेव्हा खूप हसले होते. लोक घरातून दागिने नेतात, हा घाण घेऊन गेला.

त्यानंतर दर ईदला तो यायचा. ईदला एकमेकांची माफी मागायची असते, ती काही चुकवता येत नाही. नवा सदरा घालून तो जिन्याच्या पायथ्याशी उभा राहायचा आणि वर बघून म्हणायचा, "साओदा, कळत-नकळत चुकलं असेल तर माफ कर." ती दारात येऊन म्हणायची, "मलाही माफ करा, बांग." एवढं झालं की तो नदीकडे वळायचा. मी खिडकीतून बघायचे आणि दोघांच्याही थोबाडीत द्यावीशी वाटायची.

तर टाकी आली ती रोज्याच्या महिन्यात, ईद तोंडावर असताना. एवढं वजन लाकडी जमीन पेलणार नाही म्हणून साओदाने घराखाली नवे खांब उभे करून घेतले. टाकीखाली थर्माकोल अंथरला. वाळू इतकी धुतली की तिच्या अंगणातून दिवसभर ओढा वाहत होता. को आहुनने सांगितलं होतं, टाकी भिंतीकडे ठेवा, दाराच्या उजेडात शेवाळ धरेल. तिने ती नेमकी दारासमोर ठेवली. का, ते मला तेव्हा कळलं नाही. म्हणजे कळलं होतं, पण मी विचारलं नाही.

को आहुनने आणखी एक सांगितलं होतं. पाणी भरून ठेवा, नळाच्या औषधाचा वास जाऊ द्या आणि जुना स्पंज जसाच्या तसा नव्या फिल्टरमध्ये टाका. साओदाने सगळं ऐकलं. पण 'जसाच्या तसा' म्हणजे घाणेरडासुद्धा, हे तिच्या मनाला पटेना. इतकी वर्षं नवऱ्याच्या पद्धतीने तिने तो नुसता हलवून ठेवला होता, नाक दाबून का होईना. आता मात्र चकचकीत काच, पांढरी वाळू, आणि ईदला माणसं येणार. तिने स्पंज नळाखाली धरून पिवळा धमक होईपर्यंत पिळला, वर उकळत्या पाण्यात बुडवून काढला. जुनी वाळू फेकली, जुनी टाकी भंगारवाल्याला दिली. दातुक नव्या घरात गेला आणि पहिल्यांदाच सरळ रेषेत लांबवर पोहला. साओदा ओढणीने तोंड झाकून रडली. मीही रडले, मग उगीच वाळूबद्दल काहीतरी बोलले.

ईदला बांग झुहदी आला. पायथ्याशी उभा राहिला. साओदा दारात आली ती नेहमीसारखी मधोमध नाही, एका बाजूला सरकून उभी राहिली, मागची टाकी दिसावी म्हणून. पण खालून बघणाऱ्याला वरच्या दारातून फक्त छप्पर दिसतं. त्याने माफी मागितली, तिनेही मागितली. 'वर या' एवढे दोन शब्द तिच्या ओठापर्यंत आलेले मी पाहिले. ते तिथेच राहिले आणि तो गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दातुकने खाणं सोडलं. केशरी रंग विटला, कल्ले लाल झाले आणि कायम तळाशी राहणारा मासा पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागला. पाणी मात्र इतकं स्वच्छ, की टाकी रिकामी वाटावी. साओदा मला घेऊन को आहुनकडे धावली. त्याने पहिला प्रश्न स्पंजाचा विचारला आणि उत्तर ऐकून कपाळावर हात मारला.

तो म्हणाला, माशाच्या घाणीचं पाण्यात विष होतं आणि स्पंजातला तपकिरी गाळ ते विष खातो. तो गाळ जिवंत असतो, तयार व्हायला महिने लागतात, आणि युकने तो शिजवून मारला. रोज थोडं थोडं पाणी बदला, म्हणजे मासा तग धरेल, पण म्हातारा आहे, फार दिवस नाही. त्याच्या दुकानातला गाळ त्याने दिला नाही. दुकानात रोज नवे मासे येतात, त्यांच्याबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग येतो आणि बोतियाला तो सगळ्यात आधी धरतो. "जुन्या टाकीतलं काही कुणाकडे असेल तर बघा. रोग नसलेलं. तेवढंच वाचवेल," असं तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर नदी दिसायला लागली तशी ती थांबली.

"रुकिया, तू जाशील?"

"जाते. काय सांगू?"

"दातुक मरायला टेकलाय म्हण." मग नदीकडे बघत म्हणाली, "म्हणावं, मी बोलावलंय."

मी होडीत बसले ती मस्नीला मनातल्या मनात शिव्या देत. भेटल्यावर काय काय ऐकवायचं ते नदी ओलांडेपर्यंत सगळं पाठ झालं होतं. पण तिच्या घरात शिरले आणि माझं निम्मं बोलणं ऐकूनच ती आत गेली, पिशवी आणि रबर घेऊन आली. बांग झुहदी तिथल्या टाकीसमोर मटकन बसला होता.

"उठा," मस्नी त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "रोज या टाकीसमोर बसून तिकडच्या माशाबद्दल बोलतात, युक. एकदा जाऊन डोळ्यांनी बघू देत." बाई बरी निघाली, याचाच मला जास्त राग आला.

त्याने स्पंज पुन्हा अर्धा कापला. एक तुकडा तिथल्या माशांसाठी ठेवला, दुसरा टाकीतल्या पाण्यासकट पिशवीत बांधला आणि होडीत ती पिशवी तो मांडीवर धरून बसला. या काठाला उतरल्यावर धावत सुटला आणि जिन्याशी येऊन एकदम थांबला. पाय उचलेना.

"अहो, चढा की," मी म्हणाले.

"तिच्या तोंडून ऐकू दे."

साओदा दारात आली. चेहरा सुजलेला, हात कोपरापर्यंत ओले. त्याच्याकडे बघत राहिली. "वर या, बांग," ती म्हणाली. "पाय धुवून या."

त्याने माठातलं पाणी घेऊन पाय धुतले. दोन्ही पाय, घोट्यापर्यंत. वर आला, टाकी पाहिली. हात पाण्यात घालून स्पंज पिळला. तपकिरी लोट उठला आणि बघता बघता सगळं पाणी कॉफीसारखं गढूळ झालं. तिची पांढरी वाळू, तिची चकचकीत काच, सगळं दिसेनासं झालं. मला वाटलं आता ही बोलेल. तिने फक्त त्याच्या बाह्या ओल्या होऊ नयेत म्हणून मागून वर दुमडल्या.

स्पंज फिल्टरमध्ये बसवून दिवसभर दोघांनी मिळून बादल्यांनी पाणी बदललं. दुपारी तिने आंबवलेल्या दुरियन फळाच्या रश्श्यातली मासळी आणि भात वाढला. ताटं वेगवेगळी होती.

"फार मोठी आहे टाकी," जेवताना तो म्हणाला.

"तुम्हीच म्हणायचात, मोठी हवी."

"हो. म्हणायचो."

संध्याकाळपर्यंत पाणी निवळत आलं. दातुक खाली उतरून तळाशी गेला, आडवा पडला. माझा जीव घाबरा झाला, पण ते दोघं एकदम हसले. त्यांना सोंग ओळखता येत होतं. मशिदीतून संध्याकाळची अजान झाली तशी त्याने टोपी चढवली. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं राहून तो म्हणाला, "काही बिघडलं तर बोलाव."

"बरं," ती म्हणाली.

दातुक वाचला. रंग परत आला, खाऊ लागला, टक्‌टक्‌ सुरू झाली. पलीकडून मस्नीने दोनदा निरोप पाठवून विचारलं, मासा कसा आहे. साओदाने दोन्ही वेळा सांगितलं, छान आहे. छान असल्यावर कोण कशाला येणार? दारासमोरच्या काचेवर शेवाळ धरायला लागलं, ती ते रोज पुसायची आणि पुसता पुसता नदीच्या वाटेकडे बघायची. भातात मीठ कमी पडायला लागलं. गिऱ्हाइकं मला सांगायची, मी तिला सांगत नव्हते.

एका दुपारी डबा परत द्यायला मी मागच्या दाराने गेले. साओदा नळापाशी उभी होती. नळ सोडलेला होता आणि तिच्या हातात तो स्पंज होता, काळपट, ठिबकणारा. अजून पाण्याखाली धरलेला नव्हता.

"युक, काय करतेस?"

तिने मागे पाहिलं नाही. "हा धुतला की दातुक आजारी पडेल. मग ते येतील."

मी डबा खाली ठेवला. पाणी नुसतं वाहत होतं.

"आणि या खेपेला नाही वाचला तर?" ती म्हणाली. "मग कशासाठी येतील, रुकिया?"

"तू नुसतं बोलाव ना त्यांना. मी आत्ता जाते. होडी काठालाच आहे."

"जाऊन काय सांगशील? काय बिघडलंय म्हणून सांगशील?"

मी सांगू शकले असते. जे बिघडलं होतं ते माझ्या डोळ्यांसमोरच उभं होतं. पण ते तिच्याच तोंडून निघायला हवं होतं आणि ती तर नळ बंद करत होती. स्पंज तसाच आत नेऊन तिने फिल्टरमध्ये ठेवला. थोडं तपकिरी पाणी सुटलं, दातुक त्यातून पोहत गेला. ती टाकीसमोर दाराकडे तोंड करून बसली. तिच्या हाताला बोटांपासून मनगटापर्यंत तो गाळ लागला होता आणि माझ्यादेखत तिने तो धुतला नाही.