खळीची तुळई

अपेक्षा मॅडम मूळच्या वैराग गावच्या. सोलापुरात इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात आणि उरलेल्या वेळात लाकूड चिकटवतात. बांधावरच्या निलगिरीच्या पातळ फळ्या एकावर एक चिकटवायच्या, दाबायच्या, की झाली तुळई. परदेशात अशा लाकडाच्या उंच इमारती उभ्या राहतायत. लोखंड-सिमेंटच्या भट्ट्यांचा धूर वाचतो, आणि तोडलेल्या जागी पुन्हा झाड लावता येतं. पण सोलापूरच्या उन्हात हा जोड टिकेल का? खरंखुरं छप्पर मिळाल्याशिवाय मॅडमचं सगळं संशोधन कागदावरच राहणार होतं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलवाले महादेवप्पा नवी शेड बांधत होते. तिच्या छपराला या तुळया घालायला ते जवळजवळ तयार झाले, आणि नेमकी तिथंच मॅडमची जीभ घसरली. सोपं करून सांगायला त्या म्हणाल्या, "फळ्यांना खळ लावून दाबतो."

झालं! वैरागात खळ म्हणजे पतंग चिकटवायची. यंत्रमागवाल्यांच्या सोलापुरात ती विणायच्या आधी सुताला लावतात, आणि धुतलं की निघून जाते.

"खळ पाण्यात सुटती की हो मॅडम," महादेवप्पा म्हणाले. "खाली माझी माणसं उभी असत्यात. न्हाय जमायचं."

"अहो, खळ म्हणजे तसली नाही!" पण बोलून गेलेला शब्द कुठला परत यायला? मॅडम हट्टाला पेटल्या. "तुळईचा तुकडा देते. तुमच्या रंगाईच्या हौदात उकळा. सुटला तर पुन्हा येणार नाही."

तुकडा सुटला. आणि मॅडम पुन्हा आल्या.

मधल्या काळात त्या एकदा पोटभर रडल्या होत्या, मग चूक शोधायला बसल्या होत्या. एप्रिलच्या दुपारी दाब बसायच्या आधीच चिकट रसायन वाळत होतं. डब्यावर लिहिलेली वाळायची वेळ थंड देशातली. आता त्या पहाटे उठून फळ्या जोडत होत्या.

"येनार न्हाय म्हनला होता की," महादेवप्पा हसले.

"खोटं बोलले. उकळा."

नवा तुकडा उकळला, उन्हात वाळवला, पुन्हा उकळला. मग महादेवप्पांनी स्वतः जोडावर छिन्नी ठेवून हातोडा घातला. लाकूड फाटलं, जोड तसाच राहिला. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

"घाला छप्पर," ते म्हणाले. "पर माझं टेबल मधल्या तुळईखाली मांडा. आदी मी बसतो, मग माझी माणसं."

मॅडमनी टेप काढला आणि शेडची मापं घ्यायला सुरुवात केली.