एका पायावरचं कोराल

आमच्या शाळेच्या पीटीच्या सरांची शिटी एवढी जबर, की ती पिपरी मेघेच्या मैदानावर वाजली की तिकडे सिंदी रेल्वेच्या फलाटावर गार्ड हिरवी झेंडी दाखवून मोकळा होतो. खोटं वाटत असेल तर गार्डाला विचारा. या माणसाचं आणि माझं वैर मी शाळेत संगीतशिक्षिका म्हणून लागले त्या दिवसापासूनचं. कारण एकच, शाळेचा बँड. माझ्या मते तो माझा. त्यांच्या मते ते कवायतीचं सामान, डंबेल्ससारखं.

त्यात मी पोरांना कोराल वाजवायला लावते. कोराल म्हणजे जर्मनीकडच्या चर्चमधली जुनी संथ गाणी, चार आवाजांत बांधलेली. चर्चशी माझं काही देणंघेणं नाही. पण पोरांना एकमेकांचं ऐकायला शिकवायचं तर याच्यासारखं औषध नाही. मूळ कागद मोठ्या माणसांसाठी लिहिलेला. तो पाचवी-सहावीच्या बँडला बसवणं म्हणजे हत्तीची झूल शेळीला शिवणं. ट्रंपेटवाल्यांत कोणाचा सुळा पडलेला, कोणाचा हलतोय. त्यांना वरचे सूर द्यायचे नाहीत. ट्रॉम्बोनवाल्याचा हात आखूड. नळी पूर्ण सरकवली तर नळीमागे पोरगाच ओढला जातो. त्याला कोपराच्या आतले सूर. युफोनियम, म्हणजे पोटाशी धरायचा तो मोठा पितळी बाजा, त्याची एक कळ कायमची अडकलेली. तिच्याशिवाय जे निघतात तेवढ्याच सुरांत मी सगळा खर्ज बसवला. तो वाजवणारी सहावीतली पोरगी एवढी बुटकी, की समोरून बाजालाच दोन पाय फुटलेले दिसत.

कोरालच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक खूण असते, टिंब आणि त्यावर कमान. आम्ही तिला डोळा म्हणतो. डोळा आला की सगळ्यांनी सूर धरून तिथेच थांबायचं, माझा हात खाली येईपर्यंत. सगळं कोराल त्या थांबण्यासाठीच असतं. पण चारही आवाज तिथे एकदम जुळलेत, असं या शाळेत नऊ वर्षांत मी एकदाही ऐकलं नव्हतं. कोणाचा दम सुटे, कोणाचा दात.

"मॅडम, हे मयतीचं गाणं बंद करा जी," सर मैदानावरून ओरडत. "पोट्टे झोपून राह्यले."

"तुमची शिटी ऐकून मेलेले उठतात सर. झोपलेल्यायची कायले चिंता करता?"

शेवटी मुख्याध्यापकांनी दोघांना समोर उभं केलं. "तुमी दोघं एका मैदानावर नांदत नाई. यंदा सव्वीस जानेवारीले मॅडमचं गाणं अन् सरची कवायत, एकत्र. ज्याचं नाव झालं त्याचा बँड. मंग दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाई."

कोरालवर संचलन! म्हणजे अंगाईवर कुस्ती. पण बँड जाणार म्हटल्यावर मी म्हशीलाही नाचायला शिकवलं असतं. खोडरबर घेतलं, एकूण एक डोळा पुसला, खाली ड्रमचा ठोका घातला, आणि गाणं सरळ चालीला लावलं. सरांनी महिनाभर साठ पोरं घोटली. त्यांचा नियम एकच: "ठोका पडला तर पाय पडन. ठोका नाई तर पाय नाई!"

रंगीत तालमीला या गृहस्थांनी माझा बँड उंचीप्रमाणे उभा केला. मी आवाजाप्रमाणे उभा करते, म्हणजे शेजारच्याचं ऐकू येतं. आता क्लॅरोनेट एका टोकाला, त्याचा जोडीदार दुसऱ्या. आणि बुटकी रांगेच्या बाहेर.

"हे काऊन बाहेर?"

"लाईन बिघडते. बाजा मोठा, पोट्टी लहान."

"खालचा आवाज नसला तर वरचे सगळे हवेत लटकतात सर."

"लटकू द्या. पाहुणे पाहाले येतात, ऐकाले नाई."

पोरगी रडली नाही. रुमालानं बाजा पुसत उभी राहिली. तालीम संपेपर्यंत एवढा पुसला, की वजनात पितळ कमी झालं असेल.

सव्वीसला सकाळी मी शाळेत झाडूवाल्याच्याही आधी पोचले. पेन्सिल काढली आणि प्रत्येक कागदावर प्रत्येक डोळा परत काढला. मग त्या पोरीला मंडपाच्या कनातीमागे खुर्चीवर बसवलं आणि माझा हात दिसावा म्हणून कात्रीनं कनातीला फट पाडली. कनात भाड्याची होती. डेकोरेशनवाला अजून उंदरांना शिव्या देतो.

झेंडावंदन झालं. सर पुढे, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. मागे साठ पोरं. पहिली ओळ झकास गेली. मग डोळा आला. बँड सुरावर थांबला, ड्रम थांबला, माझा हात वर. ठोका नाही तर पाय नाही! साठ डावे पाय हवेत, आणि सर्वांत पुढे सरांचा, बगळ्यासारखा.

आता पडतील, आधी सर, असा माझा हिशेब. त्यांच्यामागे पोरंही पडली असती, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तेही इथे लिहून ठेवते, नाहीतर म्हणाल मॅडम फार साळसूद.

कोणीच पडलं नाही. कनातीमागून खर्ज आला, रुंद, न थरथरणारा, आणि वरचे तिन्ही आवाज त्यावर येऊन बसले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. हात खाली घ्यायचं मी विसरले. तेवढ्या वेळात सिंदीहून पॅसेंजर निघून, वर्ध्याला पोचून, लोक ऑटोत बसून घरी गेले असते. हात खाली आला तेव्हा साठ पाय एकदम आपटले आणि मैदानाचा धुरळा उडाला. असं प्रत्येक ओळीला.

पाहुणे होते निवृत्त फौजी. ते उठूनच उभे राहिले. "एका पायावर असा तोल आमच्या पलटणीतही पाहिला नाही! कोणी शिकवला?"

मुख्याध्यापकांचं बोट सरांकडे गेलं. संपलं. बँड त्यांचा. पाडायला निघाले होते, आणि पुतळा उभारून दिला मी!

पण मग गाव मागे लागलं. पंधरा ऑगस्टलाही ती एका पायाची कवायत पाहिजे म्हणून. सरांनी बँडला स्वतः दोनदा वाजवायला लावलं. कोण कुठे थांबलं, कोणाचा पत्ता नाही. शेवटी ते स्टाफरूममध्ये आले, माझ्याकडे न बघता.

"मॅडम, तो डोळा तेवढा..."

"डोळ्याले खर्ज लागते. पोट्टी लाईनीत, मधात. अन् बँड उंचीनं नाई, आवाजानं उभा राहीन."

"पण लाईन..."

"मंग दोन्ही पायावर चाला."

त्यांनी कबूल केलं. दात खाऊन, पण केलं. बँड कागदावर अजून त्यांचाच आहे. बाकी वर्षभर तो शिटीवर चालतो आणि भयंकर वाजतो. एवढ्या एका गाण्यापुरता हात माझा.

गेल्या पंधरा ऑगस्टला दुसऱ्याच डोळ्याला सरांचा गुडघा करकरला. ओठ न हलवता ते पुटपुटले, "मॅडम, हात. हात घ्या ना खाली."

ऐकलं मी. पोरगी आता आठवीत आहे, बाजाच्या वर तिचं डोकं दिसतं, आणि दम असा वाढलाय की दुपारच्या सुट्टीपर्यंत सूर धरेल. चारही आवाज लागलेले होते. मला काही घाई नव्हती.