विळीला इंग्रजीत काय म्हणतात

लीड्सच्या आमच्या मंडळात गणपतीचं जेवण झालं की कुणीतरी म्हणतंच, "डॉक्टर, तो विळीचा किस्सा होऊन जाऊ द्या." मग मी खुर्ची थोडी मागे सरकवतो आणि सुरू करतो. माझी बायको सुऱ्यांच्या प्रदर्शनाला विळी घेऊन निघाली. आयोजकांना फोनवर म्हणाली, "आय हॅव अ सिकल." त्या गोऱ्याला वाटलं, शेतकरीण असेल. त्याने आम्हाला थेट शेतीच्या अवजारांत पाठवलं. मग हिने तिथेच फतकल मारली आणि भर हॉलमध्ये नारळ खवला! सगळे हसतात. बायकोही हसते, हातातली ताटं घेऊन आत जाते.

यातला नारळ खरा आहे. बाकीचं नीट सांगायचं राहून गेलं आहे. आता माझी ऐंशी उलटली, तेव्हा आणखी लांबवण्यात अर्थ नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी इथल्या एका हॉस्पिटलात हाडांचा डॉक्टर होतो. बायको स्वयंपाकघराच्या लिनोलियमवर वर्तमानपत्र पसरून विळीवर भाजी चिरायची. ही विळी तिने लग्नानंतर पुण्याहून साड्यांच्या घड्यांत गुंडाळून आणली होती. वर्षानुवर्षं दगडावर घासून तिचं पातं चंद्रकोरीसारखं बारीक झालं होतं. एक दिवस टोकाची खवणीही तुटली, आणि त्याच आठवड्यात पातं खिळ्यापाशी हलायला लागलं.

"आता तरी सुरी वापर," मी म्हणालो. "सगळं जग ओट्याशी उभं राहून चिरतं. तू पुण्याहून इतक्या लांब आलीस ती जमिनीवर बसायला?"

"तुमच्या ताटात येतंय ना वेळेवर? मग कशी का चिरेना."

तिने भावाला नवी विळी पाठवायला सांगितलं. ती आली, पण पाट इतका हलका की दाब दिला की सरकायचा. तिला तिचाच पाट हवा होता, पातं तेवढं नवं. गणपती पाच महिन्यांवर आले होते आणि मंडळाचे मोदक तिच्याकडे होते. ती काळजीत पडली. मला ती काळजी हट्ट वाटायची.

प्रदर्शनाची जाहिरात तिनेच पाहिली, स्थानिक पेपरात. शेफील्डजवळच्या एका मोठ्या हॉलमध्ये देशभरातले सुरी बनवणारे येणार होते. पाती घडवणारे, मुठी कोरणारे, धार लावणारे. तिने ती जाहिरात कापून फ्रीजवर चुंबकाखाली लावली. "यांच्यातला कुणीतरी करून देईल पातं," ती म्हणाली. मी लगेच हो म्हटलं, पण माझ्या मनात वेगळंच होतं. तिथे तिला एक उत्तम सुरी घेऊन द्यायची आणि विळीचं प्रकरण कायमचं मिटवायचं. अशी आमची दोघांची तयारी सुरू झाली, एकाच मोटारीतून जायची पण दोन वेगळ्या कामांसाठी.

मी नकाशा काढला, मोटरवेवरून कुठे वळायचं ते ठरवलं. तिने डब्यात काय न्यायचं ते ठरवलं, आणि एक नारळ बाजूला काढला. "नारळ कशाला?" "दाखवल्याशिवाय कळणार कसं त्यांना?"

मग प्रश्न आला कायद्याचा. रस्त्यावर धारदार वस्तू बाळगण्यावरून तेव्हा कडक नियम झाले होते. "आयोजकांना फोन करून विचारूया," बायको म्हणाली, आणि रिसीव्हर उचलला. तिचं इंग्रजी चांगलं होतं. ती तेव्हा लायब्ररीत काम करायची, दिवसभर लोकांशी बोलायची. पण मी तो तिच्या हातून घेतला. "थांब, मी बोलतो. डॉक्टर म्हटलं की नीट उत्तर देतात."

पलीकडच्या माणसाने विचारलं, वस्तू काय आहे? आणि मी अडलो. विळीला इंग्रजीत काय म्हणतात? रिसीव्हर मानेत धरून त्याला एका हाताने थांबा अशी खूण केली, जणू त्याला ती दिसणार होती, आणि दुसऱ्या हाताने शब्दकोश उघडला. विळा सापडला. मी म्हणालो, "सिकल. अ स्मॉल सिकल."

बाजूला आमची मुलगी टोस्ट खात बसली होती. तिचा जन्म इथलाच. "बाबा, नो! सिकल तो शेताचा गोष्ट आहे. विळी तर बसलेला नाइफ आहे."

"बसलेला नाइफ म्हणे," मी रिसीव्हरवर हात ठेवून म्हणालो. "तुझ्या मराठीपेक्षा डिक्शनरी बरी."

पोरीने अगदी बरोबर सांगितलं होतं. सुरीत भाजी स्थिर राहते आणि पातं चालतं. विळीत पातं बसून राहतं आणि भाजी चालत येते. पण फोनवर मी सिकलच म्हणालो, आणि त्या माणसाने शांतपणे सांगितलं, नीट गुंडाळून डिकीत ठेवा, आत आल्यावर मागच्या भिंतीकडच्या शेती अवजारांच्या टेबलाशी या.

निघायच्या सकाळी बायकोने विळी आडवी केली, पात्यावर जुना टॉवेल गुंडाळला, परकराच्या नाडीने बांधली. मुलगी दारात उभी. "पोलीसने पकडला तर काय सांगणार?"

"सांगेन, मी सर्जन आहे."

"दॅट्स वर्स, बाबा."

हॉलचं दार ढकललं आणि आम्ही दोघं दारातच उभे राहिलो. मागून कुणीतरी "एक्स्क्यूज मी" म्हटलं तेव्हा भानावर आलो. माझं आयुष्य धारेवर गेलं होतं, पण माझ्या लेखी पातं म्हणजे कागदी पाकिटातून काढायची आणि काम झालं की पिवळ्या डब्यात टाकायची वस्तू. इथे नजर पोचेल तिथवर टेबलं होती, काळं, तांबडं, हिरवं कापड अंथरलेली, आणि त्यावर पाती. काहींच्या पोलादात वाळूवरून पाणी ओसरल्यावर उरते तशी नक्षी होती. विचारलं तर कळलं, ती कोरलेली नाही. पोलादाचे थर एकमेकांवर तापवून, ठोकून, दुमडून ती आतूनच आलेली. शिंगाच्या मुठी, अक्रोडाच्या मुठी, माशाच्या काट्याएवढे घडीचे चाकू. इतकी धार एका छताखाली, आणि आवाज कसा, तर लायब्ररीतला. माणसं वाकून बघत होती, हात पाठीमागे बांधून.

बायकोने पर्स खांद्यावर घेतली आणि हात जोडले. "अहो, खंडेनवमीच मांडलीये हो यांनी," ती हळूच म्हणाली. आमच्या घरी दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती विळीला हळदकुंकू वाहायची, शेजारी माझा स्टेथोस्कोप. मला त्याचंही हसू यायचं. त्या दिवशी आलं नाही.

शेती अवजारांच्या टेबलाशी गवत कापायचे विळे, कोयते आणि कुंपण छाटायची हत्यारं होती. मागे एक जाडजूड यॉर्कशरी म्हातारा. "नाऊ देन, लव्ह, काय आणलंय?"

तिने नाडी सोडली. त्याने विळी उलटीपालटी करून पाहिली. "याची मूठ कुठाय?"

"मूठ नाही," बायको म्हणाली. "पाय आहे."

तो गोंधळला. तिने पर्स माझ्याकडे दिली, वर्तमानपत्र पसरलं, कोटाचे सोगे सावरले आणि सरळ खाली बसली. एक पाय दुमडून पाटावर, पातं उभं. नारळ तिने घरीच फोडून आणला होता. खवणी तुटलेली होती, तरी उरलेल्या टोकावर तिने वाटी दोन्ही हातांनी फिरवायला सुरुवात केली. पांढरा चव वर्तमानपत्रावर पडू लागला. मग तिने खिशातली काकडी काढली, आणि डोळे वर, म्हाताऱ्याशी बोलता बोलता, पात्याकडे न बघता तिच्या चकत्या पाडल्या. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं येऊन उभी राहिली. कुणी हसलं नाही. मघाशी आम्ही पात्यांकडे बघत होतो तसे ते हिच्याकडे बघत होते. मी हे रोज सकाळी ओलांडून चहाचा कप घ्यायला जायचो.

"पातं हलतच नाही," म्हातारा म्हणाला. "तुम्ही हलता."

मला माझा बेत आठवला. शेजारच्या टेबलावर एक देखणी सुरी होती. मी तिच्याकडे बोट दाखवलं, "हिला ती दाखवा." तिच्या कारागिराने मूठ पुढे केली. बायको उठून उभी राहिली, पण हात पुढे केला नाही. आपल्यात धारेची वस्तू हातात देत नाहीत. "खाली ठेवा, प्लीज," ती म्हणाली. त्याने ठेवली. मग तिने ती उचलली.

चार बोटं आणि तळवा यांत धरून. अंगठा बाजूला, मुठीला न टेकणारा. तिने काकडीवर दाब दिला आणि तिचा चेहरा किंचित आवळला. सुरी तिने परत ठेवली. "छान आहे," ती म्हणाली.

माझ्या ओपीडीत एखादी अनोळखी बाई अशी सुरी धरती, तर तिने तोंड उघडायच्या आत मी निदान केलं असतं. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटात, होडीच्या आकाराचं एक छोटं हाड असतं. ते मोडलेलं सहज लक्षात येत नाही, आणि न जुळता राहिलं की पकड कायमची जाते. आमच्या पहिल्या हिवाळ्यात हॉस्पिटलच्या क्वार्टर्सबाहेर बर्फावर ती हातावर पडली होती. मी मनगट दाबून बघितलं आणि म्हणालो, "मुरगळलंय. क्रेप बँडेज बांध." एक्सरे काढला नाही. मी नवा होतो, ज्युनियर होतो, बायकोसाठी साहेबांकडे शब्द टाकायचा संकोच वाटला. दुसरी कुणीही असती तर काढला असता. त्यानंतर थोड्याच दिवसांत माळ्यावरची विळी खाली आली होती. मी तिला गावंढळ म्हणालो होतो.

गाडीत मी विचारलं, "मनगट अजून दुखतं?"

"सुरी धरली तर. विळीला दोन्ही हात लागतात ना, मग नाही." आणि मग, खिडकीबाहेर बघत, "एवढं काय, सवय झाली."

म्हाताऱ्याने पातं करून दिलं, खवणीसकट, गणपतीच्या आधी. पोलादात ती ओसरत्या पाण्याची नक्षी होती. मोदक झाले. मंडळात कुणीतरी म्हणालं, वहिनी, एवढा नारळ हाताने खवलात? सगळे तिच्याकडे वळले. ती उत्तर देणार, तेवढ्यात मीच बोलायला लागलो, आणि माझ्या तोंडून तो किस्सा निघाला, सिकलसकट, तिच्या नावावर. सगळे हसले. ती विळीच का वापरते हे विचारायचं मग कुणाला सुचलंच नाही, आणि मनगटाचा विषय निघालाच नाही. दर वर्षी तसंच झालं.

काल हे सगळं तिला वाचून दाखवलं. ती खालीच बसली होती, घेवडा चिरत. मनगटाचा भाग आला तरी ती चिरायची थांबली नाही.

"मनगटाचं मी कधीच सोडून दिलंय," ती म्हणाली. "पण एवढी वर्षं अख्ख्या मंडळाला वाटतंय, मला इंग्रजी येत नाही. ते आधी सगळ्यांसमोर सांगा."

गणपती पुढच्या आठवड्यात आहेत. किस्सा सांगा म्हणाले की या वेळी खुर्ची मागे सरकवायची नाही. उभं राहून सांगायचं: सिकल मी म्हणालो होतो.