‘पलीकडे’ नेमकं कोणत्या हाताला?

भर वर्गात माझे हात हवेतच थांबले.

शेजारी उभे असलेले बोरसे सर कवितेच्या पुढच्या ओळीकडे निघालेसुद्धा होते. पहिल्या बाकावरचे माझे तीन विद्यार्थी हातांकडे बघत होते आणि हात काहीच बोलत नव्हते. अडलं होतं एका साध्या शब्दावर. पलीकडे.

मी साइन लँग्वेज इंटरप्रीटर आहे. नाशिकच्या एका कॉलेजात कर्णबधिर मुलांसाठी वर्गात उभी राहते. शिक्षक बोलतात ते मी खुणांच्या भाषेत सांगते, मुलं खुणांनी बोलतात ते मी आवाजात सांगते. या दुसऱ्या कामाला आम्ही व्हॉइसिंग म्हणतो. नियम एकच, पण कडक. आपलं स्वतःचं मत घालायचं नाही.

खुणांच्या भाषेत जागेला फार महत्त्व असतं. समजा मी म्हटलं, इकडे सिन्नर आणि तिकडे कळवण. तर सिन्नर माझ्या डाव्या हाताला, कळवण उजव्या. मग पुढचं सगळं बोलणं संपेपर्यंत ती गावं तिथेच राहतात. मी डावीकडे बोट दाखवलं की सिन्नर. मध्येच जागा बदलली तर समोरच्याचा गोंधळ होतो.

कविता जुनी आणि गाजलेली. एक माणूस नदीच्या काठावर उभा आहे. अलीकडे त्याचं घर, पलीकडे मोठं गाव. नाव सुटायच्या बेतात आहे. जावं की राहावं? मग नाव सुटते. पुढच्या कडव्यात तो म्हातारा झालाय, पलीकडचे दिवे बघत बसलाय. शेवटी दोनच शब्द म्हणतो, ‘बरंच झालं.’ संपली कविता.

पलीकडचे दिवे म्हणजे कुठले? तो नावेत बसून गेला असेल, तर ते त्याच्या घराचे. काठावरच राहिला असेल, तर गावाचे. ‘पलीकडे’ हा शब्द दोन्ही काठांवरून चालतो. कागदावर काही अडत नाही. माझं घर मात्र डाव्या हाताला होतं आणि गाव उजव्या. बोट कुठे दाखवू?

तास संपल्यावर मी सरांना गाठलं.

“सर, तो नावेत बसला की नाही?”

“बसला ना. उघड आहे.”

“कुठल्या ओळीत?”

सरांनी पुस्तक उघडलं. वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढला.

“थांबा हं. गाइडात तर बसला असंच दिलंय.”

“कवितेत?”

“कवितेत… नाही दिसत. अहो, पण हेच तर सौंदर्य आहे, मॅडम!”

“सर, ते सौंदर्य मी कोणत्या हाताला ठेवू?”

सर मनापासून हसले.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये अश्विनी माझ्यासमोर येऊन बसली. तिघांमधली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात चिडकी. मूळची सटाण्याची, इथे होस्टेलवर राहायची. वडलांचं सटाण्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान. तिने थेट विचारलं, “त्याने काय निवडलं?”

मी खुणेने सांगितलं, “लिहिलेलं नाही.”

“खोटं. तुम्हाला ऐकू येतं. तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही मला सांगत नाही.”

हे तिचं बोलणं मला लागलं, पण त्याचं कारणही मला ठाऊक होतं. कर्णबधिर मुलांचं आयुष्य ‘नंतर सांगते’ या उत्तरावरच जातं. घरात सगळे हसतात, मुलगी विचारते काय झालं, आणि उत्तर येतं, काही नाही गं, नंतर सांगते. ते नंतर कधी येत नाही. मी त्यातली नाही, असा तिचा आजवर विश्वास होता.

म्हणून मी तिला दोन्ही तऱ्हांनी कविता करून दाखवली. एकदा तो नावेत बसून गेला. एकदा काठावरच राहिला. ‘बरंच झालं’लाही चेहरा हवा. आमच्या भाषेत चेहरा म्हणजे आवाज. समाधानाने म्हटलं की कपाळावर हात मारून? मी एकदा हसून दाखवलं, एकदा ओठ आवळून.

तिने टेबलावर हात आपटला. “इतरांना एक कविता मिळाली. मला चार. यातली खरी कुठली?”

घरी जाऊन मी ती कविता इतक्या वेळा वाचली की शब्दांची नुसती अक्षरं दिसायला लागली. कधी वाटायचं गेला, कधी वाटायचं राहिला. नवऱ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, “राहिला असेल. नावेला गर्दी असणार.” त्याचाही उपयोग नव्हता.

अश्विनी एका कवितेसाठी एवढी का पेटली आहे, ते मला तिचे वडील कॉलेजात आले तेव्हा कळलं. सिन्नरच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीने तिला कायमची नोकरी देऊ केली होती. तिथे आधीच काही कर्णबधिर मुलं-मुली कामाला होती, तिच्या मैत्रिणीही. पण मग बी.ए. अर्धवट सुटणार. आणि तिला तर पुढे कर्णबधिर मुलांची शिक्षिका व्हायचं होतं. त्यासाठी बी.ए., मग बाहेरगावी कोर्स. कंपनीला आठवड्याच्या शेवटी उत्तर हवं होतं.

वडील माझ्यासमोर खुर्चीच्या टोकावर बसले. त्यांना साइन येत नव्हती. घरात जेव, ये, झोप, पाणी एवढ्याच खुणा. मुलगी वीस वर्षांची झाली तरी बापलेकीत याहून लांब बोलणं झालेलं नव्हतं.

“मॅडम, पोरीना मनमा काय शे, तेवढं इचारा,” ते म्हणाले.

मी तिला विचारलं, तुझ्या मनात काय आहे? अश्विनीने उलट वडलांना विचारलं, “तुम्हाला काय वाटतं?”

मी आवाजात सांगितलं. वडील खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तुला बरं वाटेल ते कर.”

हे वाक्य मी खुणांत घेतलं आणि पुन्हा अडकले. हे खुशीने दिलेलं मोकळेपण, की ‘कर बाई काय करायचं ते’ असं हात झटकणं? आवाज सपाट होता.

अश्विनीने लगेच मला पकडलं. “ते चिडलेत की खूश आहेत? त्यांचा चेहरा करून दाखवा.”

मी हात खाली घेतले. मग सांगितलं, “मला कळलेलं नाही. माझ्याकडे बघू नकोस, त्यांच्याकडे बघ.”

ती वळली. इतका वेळ दोघंही माझ्याकडेच बघून बोलत होती, हे माझ्याही तेव्हाच लक्षात आलं. तिने वडलांच्या दंडाला हात लावून त्यांना आपल्याकडे वळवलं आणि नुसत्या भुवया उचलल्या. काय?

वडलांचे डोळे भरून आले. मग त्यांनी छातीवर हात ठेवला आणि नाही अशी मान हलवली. मला म्हणाले, “मॅडम, तिला सांगा, मलाच समजत नाय. नोकरी सोडली तर वाटेल सोडायला नको व्हती. शिक्षण सोडलं तर वाटेल शिकवायला पाहिजे व्हतं.”

हे सगळं मी सरळ सांगितलं. कुठेही अडले नाही. अश्विनी आधी चकित झाली आणि मग हसली. आठवडाभरात पहिल्यांदा. “म्हणजे त्यांनाही माहीत नाही?” तिने विचारलं.

“नाही.”

“मग ठीक आहे.”

ठीक काय, ते मला कळलं नाही. त्या आठवड्यात मला कळत नसलेल्या गोष्टींत आणखी एकीची भर.

दोन दिवसांनी अंतर्गत तोंडी परीक्षा होती. तोंडी हा शब्द या मुलांसाठी विचित्रच आहे, पण असो. सरांनी अश्विनीला तीच कविता दिली. मी व्हॉइसिंगला बसले.

तिने घर डावीकडे ठेवलं, गाव उजवीकडे, मध्ये नदी. नाव सुटायच्या ओळीला ती थांबली. मग दोन्ही तळवे समोरासमोर धरले आणि हळूहळू एकमेकांपासून लांब नेले. बस्स. कोणता तळवा नावेचा, कोणता काठाचा, ते सांगितलंच नाही. चेहरा दोन्ही हातांच्या मधोमध, शांत.

मला शब्द जुळवायला वेळ लागला. “अंतर वाढत गेलं,” मी म्हटलं.

सर पुढे झुकले. “पण तो नावेत होता की काठावर?”

मी प्रश्न तिच्यापर्यंत पोचवला. तिने उत्तर दिलं, “सर, अंतर दोन्हीकडून तेवढंच दिसतं.”

सरांनी आपले दोन्ही तळवे समोरासमोर धरले, लांब नेले, पुन्हा जवळ आणले, पुन्हा लांब नेले. “छान आहे हो,” ते मला म्हणाले. “पण मला अजूनही वाटतं, तो बसला असणार.”

शनिवारी अश्विनीने कंपनीला हो कळवलं. मला ते आवडलं नव्हतं. ती शिक्षिका व्हावी असं मला फार वाटत होतं. पण ते मत माझं होतं आणि तिने ते मागितलं नव्हतं, म्हणून मी चेहरा कोरा ठेवला. निरोप घेताना तिने मला घट्ट मिठी मारली. वडलांनी तिच्या मैत्रिणींकडून व्हिडिओ कॉलवर थोड्या खुणा शिकायला घेतल्या आहेत. पहिली खूण ‘का’ची मागितली म्हणे. अश्विनी बी.ए. बाहेरून पूर्ण करणार असं म्हणते. करेल किंवा नाही करणार.

माझ्या कामात एक बदल झाला. पूर्वी एखाद्या ओळीचा अर्थ लागला नाही, की मी अंदाजाने हात चालवायची, कारण थांबलेला इंटरप्रीटर वाईट दिसतो. आता मी थांबते आणि मुलांना सांगते, इथे मला समजलेलं नाही, सरांना विचारते. तास थोडा लांबतो. सर वैतागतात. मुलं मात्र त्या दिवशी जास्त प्रश्न विचारतात.