दुसरा माठ

आमच्या घरात अंडं चालत नाही असं मुळीच नाही. नवऱ्याचं रविवारचं ऑम्लेट मीच करते. फक्त त्याचा तवा वेगळा, उलथनं वेगळं, आणि दोन्ही बाल्कनीतल्या कपाटात, झाडूच्या मागे. कुणी मराठी पाहुणं आलं की आम्ही शाकाहारी. ही व्यवस्था मी माझ्या आईकडून उचलली आणि नवऱ्याच्या प्रत्येक बदलीत सामानाबरोबर नेली. त्यामुळे कोलकात्याला सॉल्ट लेकच्या क्वार्टरमध्ये लेकीनं अंडी आणली, तीही खायला नव्हे, सांभाळायला, तेव्हा माझी पंचाईत झाली. खायची अंडी कुठं लपवायची ते मला ठाऊक होतं. सांभाळायची अंडी कुठं ठेवतात, कुणास ठाऊक!

लेक तेव्हा आठवीत होती. तिच्या मैत्रिणीच्या आजीचं घर हावड्याला, मागे अंगण, अंगणात कोंबड्या. दर रविवारी लाँचनं नदी ओलांडून ही तिकडं जायची. तिथल्या एका काळ्या कोंबडीवर हिचा भारी जीव. ती म्हणे हिच्या मांडीवर येऊन बसायची. मी हसायचे. चैत्रातल्या एका दुपारी मुंगसानं ती कोंबडी नेली. लेक दोन वेळा जेवली नाही, तेव्हा माझं हसणं थांबलं. त्या कोंबडीनं शेवटच्या दिवसांत घातलेली अंडी तेवढी उरली होती. मैत्रिणीच्या मामाकडे अंडी उबवायचं छोटं मशीन होतं, पण त्यात आधीचा घाणा चालू होता. तो निघेपर्यंत अंडी कुठंतरी गार जागी ठेवायला हवी होती. हावड्याचं ते घर पत्र्याचं, दुपारी नुसता तवा. म्हणून अंडी आमच्याकडं आली.

मी म्हटलं, फ्रिजमध्ये ठेव.

"फ्रिज नको आई. आत जीव झोपलाय. खूप थंड केला तर मरतो. गरम केला तर अर्धा जागा होतो, मग तो पण मरतो."

एसी रात्री चालायचा, दिवसा बंद. ते वरखाली होणंही अंड्यांना सोसत नाही म्हणे. शेवटी तिनंच उपाय काढला. आमचा एक रुंद तोंडाचा जुना माठ रिकामा पडला होता. त्यात तिनं तळाशी भाताचा कोरडा कोंडा पसरला आणि अंडी निमुळतं टोक खाली करून त्यात रोवली. धुतली नाहीत. त्यांच्यावरची घाण बघून माझे हात शिवशिवत होते, पण अंड्यावर एक अदृश्य साय असते आणि धुतलं की ती जाते, असं तिनं मला बजावलं. माठाच्या तोंडावर पातळ मलमलचं फडकं बांधलं आणि बाहेरून ओलं कापड गुंडाळलं. घरातली सगळ्यांत गार जागा म्हणजे जेवणाच्या टेबलामागचा उत्तरेकडचा कोपरा. तिथं पाण्याचा माठ असतोच. त्याच्या शेजारी हा दुसरा बसला. बुडाखाली ती विटेचा तुकडा सारायची, सकाळी या बाजूनं, संध्याकाळी त्या बाजूनं. माठ कलला की अंडी कलतात, आतला जीव एका जागी चिकटत नाही. शाळेतून आली की दप्तरही न टाकता आधी माठाला हात लावून बघायची.

आणि त्याच आठवड्यात माझं चैत्रगौरीचं हळदीकुंकू.

"माठ हलवते जरा," मी म्हटलं. "त्या दिवसापुरता."

"नाही ना आई. प्लीज. दुसरीकडं सगळीकडं गरम आहे. ही संपली तर काळीचं काहीच राहणार नाही."

मी तिला शब्द दिला. म्हटलं, कुणाला हात लावू देणार नाही.

हळदीकुंकवाला सगळ्यांत आधी आल्या त्या बालीगंजच्या काकू. त्या कोलकात्यातच जन्मलेल्या. त्यांच्या सासऱ्यांपासून ते घर इथं आहे. आमच्यासारख्या बदलीवाल्यांना दूधवाल्यापासून गुरुजींपर्यंत सगळं त्यांनीच मिळवून दिलेलं. मला त्यांची उगाच धास्ती असायची. त्या कधी काही लागट बोलल्या नव्हत्या. फक्त सगळं बघायच्या.

गौर पाळण्यात बसली होती, समोर कलिंगडाचं कमळ, करंज्या, भिजवलेले हरभरे. काकूंनी ते सगळं पाहिलं, कौतुक केलं, आणि मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली.

"अगं, दोन माठ? आणि हा असा कललाय का?"

लेक माझ्या शेजारीच होती, हातात अत्तरदाणी घेऊन. खरं सांगायला किती वेळ लागला असता? कोंबडीची अंडी आहेत काकू, पोरीनं उबवायला ठेवलीत. पण समोर गौर, बाहेर चपलांचा आवाज, आणखी चारजणी जिन्यात. माझ्या तोंडून निघून गेलं, "एकात पाणी आहे, एकात पन्हं. गार व्हायला ठेवलंय."

लेकीनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं पाहिलं नाही.

खरं पन्हं फ्रिजमध्ये पातेल्यात होतं. ते मी आणणारच होते. पण बायका आल्या, मी हळदीकुंकू लावत बसले, ओट्या भरत बसले. काकूंनी घरून किटलीभर पन्हं करून आणलं होतं, माझ्यावर एकटीवर पडू नये म्हणून. मला न विचारता त्या किटली घेऊन कोपऱ्याकडं गेल्या. माठावरचं मलमल त्यांना गाळायला बांधलेलंच वाटणार. दुसरं काय वाटेल? मी वळून पाहिलं तेव्हा किटली त्या माठात जवळजवळ रिकामी झाली होती.

"काकू!" मी ओरडले.

"अगं, सांडत नाही, घाबरू नकोस," त्या म्हणाल्या आणि फडकं सोडून त्यांनी ओगराळं आत घातलं. पहिल्यांदा वर आला कोंडा, गुळाच्या पाण्यात भिजलेला. दुसऱ्यांदा ओगराळ्यात एक अंडं आलं.

वेलदोड्याचा वास घरभर सुटला होता.

मी तोंड उघडायच्या आधी लेक पुढं झाली. तिचं मराठी म्हणजे बाहेरच्या तीन भाषांतून वाट काढत आलेलं. "काकू, ते माझे अंडे आहे. मी छुपवून ठेवली होती. आईला माहितीच नाही."

तिनं मला वाचवलं. माझी पोर, जिचं सगळं त्या माठात होतं, तिनं आधी माझी अब्रू पाहिली. आणि मी काय केलं? तिनं उघडून दिलेल्या दारातून मी निमूट बाहेर पडले. एवढंच नाही, खोटं पक्कं व्हावं म्हणून तिला झापलं. सगळ्यांदेखत. "असं कुणी करतं का? आजच्या दिवशी? गौरीसमोर?"

ती मान खाली घालून उभी राहिली. खरोखर चूक झाल्यासारखी. आजही ती मान आठवली की मला कुठंतरी तोंड लपवावंसं वाटतं.

काकूंनी ओगराळं हळूच खाली ठेवलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "असू दे गं, लेकरू आहे. आमच्याकडं तर नातू रोज दोन खातो." बाकीच्या हसल्या. एकीचा नवरा म्हणे रात्रीही अंडा रोलच मागतो. ज्यांच्या धाकानं मी खोटं बोलले त्यांना कशाचंच काही वाटलं नव्हतं. मग मी फ्रिजमधलं पन्हं काढलं. मघाशी माठात म्हणत होतीस ना, असं कुणी विचारलं नाही; त्या प्यायल्या, छान झालंय म्हणाल्या.

त्या गेल्यावर लेकीनं एकेक अंडं बाहेर काढून मऊ फडक्यानं टिपलं. चिकटपणा जाईना, म्हणून नाइलाजानं कोमट पाण्यातून काढलं. रविवारी तिच्याबरोबर मीही हावड्याला गेले. पिशवी तिनं मला धरू दिली नाही. लाँचवर मी म्हटलं, "माझं चुकलं गं. मी खोटं बोलले आणि वर तुलाच ओरडले."

"इट्स ओके," ती म्हणाली आणि पाण्याकडं बघत राहिली. ती रडली असती, भांडली असती तर बरं झालं असतं.

अंडी मशीनमध्ये गेली. आठवडाभरानं मामानं अंधाऱ्या खोलीत एकेक बॅटरीपुढं धरलं. जीव धरलेल्या अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं म्हणे. आमच्या सगळ्या अंड्यांतून नुसता पिवळा उजेड आरपार आला. परत येताना लेक एवढंच बोलली, "माठ चांगला होता, आई. माठात काही प्रॉब्लेम नव्हता."

या वर्षी पुन्हा गौर बसवली. लेक आता नववीत आहे. मी न सांगता तिनं रांगोळी काढली, अत्तरदाणी भरली. या खेपेस तो दुसरा माठ घासून, उन्हात वाळवून मी खरोखरच त्यात पन्हं घातलं होतं. दारावरची बेल वाजली. ती दाराकडं निघाली आणि कोपऱ्यापाशी थांबली.

"आई, काकूंनी विचारलं तर या माठात काय आहे म्हणून सांगू?"

आवाजात टोमणा नव्हता. तो मला कळला असता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, म्हणजे आमच्या दोघींचं एकच उत्तर येईल.

"पन्हं," मी म्हटलं. "खरंच पन्हं आहे गं."

तिनं मान हलवली. झाकण उचलून आत पाहिलं, झाकण नीट बसवलं, आणि मग दार उघडायला गेली.