ओढणीवाली मुलगी

चाकणजवळच्या आमच्या गावात माझी मसाल्याची गिरणी आहे. धंदा कसा चालतो ते शिकायला कॉलेजने एक मुलगी माझ्याकडे ठेवली आहे. शहरातली, रावेतची आहे. प्रत्येक वाक्याला ‘ना’ लावते, मिरचीने शिंकून बेजार होते, तरी हटत नाही. मला तिची धास्ती वाटते.

घरी ती पँट घालते. इथे गावाचा मान म्हणून डोक्यावरून लांब ओढणी घेते. आम्ही बायका गिरणीत शिरताना पदर कमरेला खोचतो, वेणी पोलक्यात घालतो. गिरणीच्या फिरत्या पट्ट्यात कापड गेलं की माणूसही ओढला जातो.

“पोरी, काढ ती ओढणी.”

“असू दे ना आजी, गावात बरं दिसतं.”

“गाव गेलं खड्ड्यात. काढ म्हणते ना.”

ती नुसती हसली.

काल ती फोटो काढायला वाकली आणि ओढणीचं टोक पट्ट्याकडे उडालं. मी तिला दंडाला धरून मागे खेचलं. ती मिरचीच्या पोत्यावर पडली. मी बटण बंद केलं.

ती उठली. “सॉरी आजी, डोक्यावरून घसरली होती ना?” असं म्हणून तिने ओढणी पुन्हा नीट डोक्यावर घेतली.

दारातलं गिऱ्हाईक विचारत होतं, “आजी, बंद का केली?” मी गिरणी बंदच ठेवली.