रोवणीचं गाणं तीन घरं खाली

मी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये नुकताच लागलो होतो. भंडाऱ्याकडची शेती काकांच्या हवाली करून आई माझ्या क्वार्टरमध्ये राहायला आली होती. दुर्गला रेल्वेत असलेला माझा एक मित्र गिटार वाजवायचा, मला शिकवायचाही. त्याच्याच सांगण्यावरून आईचं धानाच्या रोवणीचं एक गाणं मी कागदावर उतरवलं आणि शब्दांच्या डोक्यावर कॉर्डची अक्षरं मांडली: सी, एफ, जी. कुठल्या शब्दाला कुठल्या तारा एकत्र छेडायच्या, ते त्यावरून कळायचं.

सुटीच्या दिवशी मित्र आला. मी गिटार धरली, आई गाऊ लागली. दुसऱ्या ओळीत गाणं वर चढतं, तिथं तिचा आवाज फाटला. तिनं तोंडाला पदर लावला.

"मले नाई पोचत बा तिथवर. धानाच्या बांधीत गावो तवा असं होत नोतं."

"तुमची चूक नाई, मावशी," मित्र म्हणाला. "यानं आपल्या गळ्याच्या हिशोबानं धरलं. गाणं खाली आणू."

"गाणं का खाट हाये, सरकवाले?"

"तसंच समजा. फक्त चारी पाय संगच उचलाले लागते."

त्यानं तिला सोयीनं गुणगुणायला लावलं आणि तो सूर तारेवर शोधला. मग पेन्सिल घेतली. गिटारच्या दांडीवरच्या पट्ट्यांमधल्या जागांना तो घरं म्हणायचा. प्रत्येक अक्षर त्यानं सारखंच तीन घरं खाली आणलं. सीचं ए झालं, एफचं डी, जीचं ई. जुनं एकही अक्षर जागेवर राहिलं नाही. आता चाल कशी राहणार, मला कळेना.

मी भीतभीतच वाजवलं. आई गायली.

चाल तीच होती! सगळं हललं होतं आणि काहीच बिघडलं नव्हतं. वर चढणारी ती ओळ आई सहज चढून गेली, आणि असा भरदार, मोकळा आवाज आला की माझ्या अंगावर काटा आला. आईचा हा आवाज मी भिलाईत कधी ऐकलाच नव्हता. शेजारच्या छत्तीसगढी वहिनी कणकेच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"रोपा के गीत आय का, दाई?" त्यांनी विचारलं.

आईनं मान डोलावली, पण थांबली नाही. मी चारच कडवी लिहिली होती. ती पाचवं गाऊ लागली, मग सहावं, आणि मी कागद बाजूला ठेवून वाजवत राहिलो.